मनोरुग्णालयाच्या जुन्या बराकी: पाडाव्यात की ठेवाव्यात?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. तुमची सोसायटी ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाच्या आवाराजवळ आहे. आवाराचा एक भाग नव्या रेल्वे स्टेशनाला जातोय आणि उरलेल्या जागेत नवं मोठं रुग्णालय व्हायचंय. यावरून सोसायटीत दोन तट पडलेत. एक तट म्हणतो, सव्वाशे वर्षांच्या इमारती आहेत, एक दगड हलता कामा नये. दुसरा म्हणतो, त्या जुनाट बराकींत रुग्णांना ठेवणं हाच अन्याय आहे, सरळ पाडा. निवेदन द्यायचं ठरलंय, पण त्यात मागायचं काय यावर गाडी अडली आहे.

मी सार्वजनिक बांधकाम विभागात ३१ वर्षं काढली. त्यातला मोठा काळ सरकारी दवाखान्यांच्या इमारती सांभाळण्यात गेला. दगडी वॉर्ड, कौलारू ओपीडी, कर्मचाऱ्यांच्या चाळी, शवागार, धोबीघाट, सगळं हाताखालून गेलंय. त्या अनुभवावरून माझं मत आधीच सांगतो. दोन्ही तटांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. आवार म्हणजे एक इमारत नव्हे, त्यामुळे 'पाडा' किंवा 'ठेवा' असं एकच उत्तर अख्ख्या आवाराला देता येत नाही. प्रत्येक इमारतीपुढे उभं राहून तीन गोष्टी विचाराव्या लागतात: हिची तब्येत कशी आहे, उद्या हिच्यात कोण बसणार, आणि दर वर्षी मे महिन्यात हिच्या छपरावर कोण चढणार. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर नसेल तर पहिल्या दोघांना अर्थ राहत नाही.

थोडा इतिहास सांगतो, कारण मागणीचा पाया त्यातच आहे. हे रुग्णालय १९०१ सालचं. जुन्या कागदांत त्याचा उल्लेख एन. एम. मेंटल हॉस्पिटल असा सापडतो, म्हणजे नरोत्तमदास माधवदास. जागा मिळाली ती दानातून, आणि दान होतं ते मनोरुग्णांसाठी. तेव्हा ठाणे म्हणजे तळ्यांचं लहान गाव. मुंबईत १८९६ पासून प्लेगने थैमान घातलेलं, आणि गर्दीपासून दूर, मोकळ्या हवेत माणसं ठेवावीत हा त्या काळाचा वैद्यकीय विचार. म्हणून उंच जोती, उंच छत, समोरासमोर खिडक्या, वर झरोके आणि दोन इमारतींत भरपूर अंतर. पुरुष विभाग वेगळा, स्त्री विभाग वेगळा आणि सगळ्याला उंच भिंत. आवार सुमारे ७० एकर आणि मान्य खाटा १,८५०. राज्यातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी हे एक. बाकीची येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला.

ही रचना ज्या कायद्याच्या सावलीत वाढली तो १९१२ चा. त्यात बहुतेक माणसं मॅजिस्ट्रेटच्या हुकमाने आत यायची, आणि आत आलेला माणूस बाहेर कधी जाईल हे कुणी सांगू शकत नसे. उपचार थोडे आणि सांभाळणं जास्त. म्हणून लांबच लांब बराकी, एकेका दालनात ओळीने खाटा. १९५२ नंतर क्लोरप्रोमाझीनसारखी औषधं आली आणि गणित बदललं. ज्याला आयुष्यभर ठेवावं लागायचं तो काही आठवड्यांत घरी जाण्यासारखा होऊ लागला. आज लागते ती मोठी ओपीडी, थोड्या दिवसांच्या भरतीचे वॉर्ड, व्यसनमुक्ती, मुलांसाठी मार्गदर्शन, दिवसा येऊन काम शिकायची जागा. बराकी जुन्या झाल्या त्या दगड झिजला म्हणून नव्हे. ज्या कामासाठी त्या बांधल्या ते कामच बदललं. हे नीट लक्षात घेतलं तर तुमच्या दोन्ही तटांना बोलायला एक समान जागा मिळते.

आता तब्येतीकडे येतो, कारण सगळ्यात जास्त चुका इथे होतात.

दगड आणि चुन्यात बांधलेल्या भिंतीची ताकद सिमेंटच्या पद्धतीने मोजली जाते, ही पहिली चूक. रिबाउंड हॅमर हे काँक्रीटचं उपकरण आहे. चुन्याच्या भिंतीवर तो मारून आकडा काढायचा आणि इमारत अतिधोकादायक, म्हणजे सी-१ वर्गात टाकायची, असे अहवाल मी स्वतः पाहिले आहेत. तुमच्या आवाराचा स्ट्रक्चरल ऑडिट हाती आला तर आधी चाचण्यांचं पान उघडा. भिंतीचा ओळंबा घेतलाय का (म्हणजे ती सरळ उभी आहे का हे दोरीने पाहिलंय का), भेगा कुठून कुठे जातात याचा नकाशा आहे का, पाया उघडून पाहिलाय का, कैचीचं, म्हणजे छप्पर पेलणाऱ्या लाकडी त्रिकोणी सांगाड्याचं, टोक भिंतीत जिथे बसतं तिथे लाकूड टोचून पाहिलंय का? हे नसेल तर तो ऑडिट त्या इमारतीचा नाही. मात्र त्याच आवारातल्या साठ-सत्तरच्या दशकांतल्या आरसीसी इमारतींना तीच चाचणी चालते, आणि बहुतेक ठिकाणी खरा धोका तिथेच असतो. माझ्या पाहण्यात दगडी वॉर्ड उभा आणि त्याला नंतर चिकटवलेला काँक्रीटचा संडास-बाथरूमचा भाग सळ्या गंजून लोंबतोय, असंच चित्र जास्त वेळा आलं.

दुसरी चूक आमच्या विभागाच्या हातून झालेली आहे, आणि ती मी स्वतःही केली आहे. चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा. चुन्याची भिंत पावसाळ्यात ओल घेते आणि उन्हाळ्यात सांध्यांतून ती सोडते. वरून सिमेंट थापलं की ओल आत कोंडते, भिंतीत वर चढत जाते, क्षार फुटतात आणि दोन-तीन वर्षांत गिलाव्याचे पापुद्रे सुटतात. मग लोक म्हणतात, भिंत कुजली. भिंत कुजलेली नसते, तिचा श्वास कोंडलेला असतो. हे का होतं? दरसूचीत, म्हणजे सरकारी दरांच्या यादीत, सिमेंट गिलाव्याचा दर चटकन मिळतो. चुन्याच्या कामाला दर पृथक्करण, म्हणजे माल-मजुरीचा तपशीलवार हिशेब, स्वतः मांडावं लागतं, चुना दळायच्या घाणीवर काम करणारा कारागीर शोधावा लागतो, आणि मार्चअखेर निधी परत जाण्याची टांगती तलवार असते. एस्टिमेट सोपं व्हावं म्हणून इमारत आजारी पडते.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त बोचते. कोकणातल्या एका सरकारी दवाखान्यात १९२० च्या आसपासचा कौलारू वॉर्ड होता. नवीन इमारत झाली, रुग्ण तिकडे हलले आणि जुन्या वॉर्डाचं 'पुढे ठरवू' असं म्हणून कुलूप लावलं. मी त्या वेळी उपअभियंता होतो. पहिल्या पावसाळ्यात माकडांनी पंधरा-वीस कौलं सरकवली. वापरात असता तर त्याच दिवशी कुणीतरी ओरडलं असतं, गळतंय म्हणून. कुलूपबंद इमारतीत ओरडणारं कुणी नव्हतं. पाणी नेमकं कैचीच्या टोकावर पडत राहिलं, सागवान काळं पडलं, मग वाळवी आली. दुसऱ्या पावसाळ्यात छपराचा मधला भाग खाली बसला. भिंती ठणठणीत होत्या. पण छप्पर नसलेल्या भिंतींचा पंचनामा करताना 'धोकादायक' लिहिण्यावाचून मला पर्याय राहिला नाही. त्या कागदावर सही माझी आहे. दोन मजूर, एक शिडी आणि अर्ध्या दिवसाचं काम वेळेवर झालं असतं तर तो वॉर्ड आज उभा असता.

म्हणून निवेदनातली माझी पहिली मागणी अशी: कुठलाही जुना वॉर्ड पुढचा वापर लेखी ठरल्याशिवाय रिकामा करू नये, आणि रिकामा झालाच तर छपराची देखभाल चालू राहील असं कंत्राटात लिहून घ्यावं. 'वारसा' ही पाटी इमारतीला पावसापासून वाचवत नाही.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत. जागेचा मूळ दस्त काय म्हणतो, हा त्यातला सगळ्यात मोठा भाग. दानपत्रात हेतू लिहिलेला असेल तर तो कागद तुमच्या हातातलं सगळ्यात वजनदार साधन आहे. याच आवाराच्या बाबतीत दानाच्या हेतूचा मुद्दा न्यायालयापर्यंत गेला होता, आणि २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्टेशनासाठी वाट मोकळी केली. सुमारे १५ एकरांचा तो भाग आहे. ठाणे आणि मुलुंडच्या मध्ये स्टेशन व्हावं यात मला चूक दिसत नाही. ठाणे स्टेशनच्या पुलावर सकाळी साडेआठला उभं राहिलेल्या कुणालाही दिसणार नाही. पण उरलेल्या जागेचा हेतू तोच राहिला पाहिजे, यावर मात्र ठाम राहा. मालमत्ता पत्रक आणि विकास आराखड्यातलं आरक्षण, दोन्हींच्या प्रती काढा. आरक्षण बदलायचं झालं तर नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली हरकती-सूचना मागवाव्या लागतात. ती जाहिरात चुकवू नका.

ठाण्यातलाच दुसरा दाखला तुमच्या डोळ्यांसमोर आहे. आपलं सिव्हिल, म्हणजे विठ्ठल सायन्ना रुग्णालय. तेही दानातून झालेलं, १९३६ चं. ती इमारत पाडून तिथे ९०० खाटांचं रुग्णालय उभं राहतंय, आणि तोवर सिव्हिलचा संसार याच मनोरुग्णालयाच्या आवारात आणला. जिल्ह्याचं रुग्णालय एका दिवसासाठीही बंद ठेवता येत नाही. शहरात एवढी मोकळी सरकारी जागा शिल्लक होती म्हणून शहापूर-मुरबाडहून येणाऱ्या माणसाला दार उघडं राहिलं. 'रिकामी पडलेली जागा' असं कुणी म्हणालं की हे उदाहरण द्या. रुग्णालयाच्या आवारातली मोकळी जागा म्हणजे शहराची राखीव शिदोरी असते. पुढची साथ येईल तेव्हाही तीच लागेल.

नवा वापर काय असावा? मुंबईकडेच पाहा. परळचं जुनं गव्हर्नमेंट हाऊस १८९९ मध्ये प्लेगच्या प्रयोगशाळेला दिलं गेलं, तीच पुढे हाफकिन संस्था झाली. वडाळ्याचं ॲकवर्थ कुष्ठरोग रुग्णालय १८९० चं. बहुविध औषधोपचार आल्यावर भरती रुग्णांची गरज घटली, आणि आवारात कुष्ठरोगाच्या इतिहासाचं संग्रहालय उभं राहिलं. लंडनच्या बेथलेम मनोरुग्णालयाच्या जुन्या इमारतीत १९३६ पासून युद्धाचं संग्रहालय आहे. तिथे मधला मुख्य भाग ठेवला, दोन्ही बाजूंचे लांब वॉर्ड पाडले आणि भोवती सार्वजनिक बाग केली. म्हणजे 'सगळं ठेवा' आणि 'सगळं पाडा' यांच्या मधला मार्ग आजवर अनेकांनी काढला आहे. तरी बेथलेमची नक्कल ठाण्यात करावी असं मी म्हणणार नाही. तिथे रुग्ण आधीच दुसरीकडे गेले होते. इथे रुग्ण आवारातच राहणार आहेत. त्यांच्या दारात पर्यटकांची रांग लागणं मला पटत नाही.

इथे एक तांत्रिक मुद्दा आहे, जो जतनाच्या बाजूचे लोक सहसा विचारात घेत नाहीत. तीव्र आजाराच्या रुग्णांसाठी जुनी बराक वापरू नये. उघड्या कैच्या, गजांच्या खिडक्या, झरोके, आकडे, उघडे पाइप. जीव द्यायचा विचार मनात असलेल्या माणसाच्या आसपास यातलं काहीही नको. नव्या वॉर्डात दाराच्या मुठीपासून पडद्याच्या दांडीपर्यंत सगळं त्या हिशेबाने बनवतात. जुन्या वॉर्डात तसं करायला गेलं तर छत झाकावं लागतं, खिडक्या बदलाव्या लागतात, आणि जे जपायचं तेच नाहीसं होतं. त्यामुळे तुमचा दुसरा तट 'रुग्णांना तिथे ठेवू नका' म्हणतो ते बरोबर आहे. सरकारने बंगळुरूच्या निम्हान्सच्या, म्हणजे राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या, धर्तीवर नवं संकुल करायचं ठरवलंय, त्याला विरोध करू नका.

पण त्याच बराकी दिवसाच्या वापराला फार चांगल्या आहेत. उंच छत, आरपार वारा, लांब व्हरांडा. बाह्यरुग्ण विभागात नातेवाईक तासन्‌तास थांबतात, त्यांना व्हरांड्यासारखी दुसरी जागा नाही. हातमाग, मेणबत्त्या, शिवणकाम, बागकाम अशा व्यवसायोपचाराच्या शाळा, परिचारिकांचं प्रशिक्षण, नातेवाइकांचे मेळावे, सगळं तिथे बसतं. उंच जोत्याला एकास बारा उताराचा रॅम्प हवा, वायरिंग नवं हवं, संडासाचा भाग मूळ भिंतीला न चिकटवता सुटा बांधायला हवा. एवढं केलं तर चालतं.

आणि एक वापर असा आहे ज्यासाठी मी स्वतः मंत्रालयाच्या पायऱ्या चढायला तयार आहे. बरे झालेले पण घरी न नेलेले लोक. अशा प्रत्येक रुग्णालयात ते भेटतात. एका ठिकाणी मी व्हरांड्याच्या फरशीचं माप घेत होतो, तेव्हा एक बाई माझा टेप धरून उभ्या राहिल्या. नीट आकडे वाचून दाखवत होत्या. नंतर परिचारिकेने सांगितलं, या बऱ्या होऊन अकरा वर्षं झाली, गावाकडचा पत्ता आहे, पण पत्राला उत्तर येत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम १९ स्पष्ट सांगतं की केवळ घरच्यांनी स्वीकारलं नाही किंवा राहायला जागा नाही, म्हणून कुणालाही मनोरुग्णालयात ठेवता येणार नाही, आणि अशांसाठी समाजात राहण्याची सोय सरकारने करायची. आवाराच्या रस्त्याकडच्या बाजूला कर्मचाऱ्यांची जुनी बैठी घरं शिल्लक असतील, तर ती दुरुस्त करून, वेगळं फाटक देऊन, चार-पाच जणांच्या घरांसारखी वापरता येतील का, हे तपासायला सांगा. बराक माणसाला संस्थेतच ठेवते. लहान घरात मात्र माणूस स्वतःचा चहा स्वतः करायला शिकतो.

फाटकाचा मुद्दा किरकोळ वाटेल, पण आपल्या भाषेत 'याला ठाण्याला पाठवा' म्हणजे काय हे आपण सगळे जाणतो. पुणेकर तेच येरवड्याबद्दल म्हणतात. त्या एका वाक्यामुळे किती माणसं ओपीडीच्या दारापर्यंत येऊन परत गेली असतील. उद्या स्टेशनातून बाहेर पडणाऱ्या हजारो लोकांना समोर बारा फुटी भिंत दिसली तर हे वाक्य आणखी शंभर वर्षं टिकेल. समोर झाडं, व्हरांडा आणि बाह्यरुग्ण विभागाची साधी पाटी दिसली तर कदाचित नाही टिकणार.

स्टेशनाबाबत एक गोष्ट मात्र आत्ताच विचारा: नव्या रस्त्याची पातळी. पोचरस्ता काँक्रीटचा होतो तेव्हा तो जुन्या जमिनीपेक्षा फूट-दीड फूट वर येतो आणि जुनी आवारं खड्ड्यात जातात. मग जुलैत पाणी जोत्याला लागतं आणि दोष म्हाताऱ्या इमारतीला दिला जातो. नकाशात रस्त्याची आणि जुन्या जोत्यांची पातळी शेजारी शेजारी लिहून मागा.

झाडांचंही तसंच. २०२१ च्या दुरुस्तीनंतर आपल्या वृक्ष कायद्यात पन्नास वर्षांवरचं झाड वारसा वृक्ष ठरतं, आणि तोडलं तर त्याच्या वयाइतकी झाडं लावावी लागतात. या आवारात असे वृक्ष बरेच असणार. त्यांची गणना तुम्ही स्वतः करा, घेर मोजून, फोटोसह.

जे पाडावंच लागेल त्याबद्दल दोन मागण्या. पाडण्याआधी पूर्ण मोजमाप-नकाशे आणि छायाचित्रं. आणि साहित्याची यादी. सहसा निविदेत जुन्या मालाची किंमत वजा करून सगळा माल पाडणाऱ्याच्या हवाली होतो. सागवानी कैच्या, घडीव दगड, कौलं एका संध्याकाळी ट्रकमधून जातात. तोच माल ठेवायच्या इमारतींच्या दुरुस्तीला लागणार असतो, कारण तसं लाकूड आज विकत मिळत नाही. यादी करून तो आवारातच ठेवायची अट घाला. जुनी भरती-रजिस्टरंही सापडतील. ती भंगारात जाऊ देऊ नका, पण उघड प्रदर्शनातही मांडू देऊ नका. रुग्णाची गोपनीयता हा कायद्याने दिलेला हक्क आहे, आणि त्या वह्यांतली आडनावं आजही ठाण्यात राहतात. त्या पुराभिलेखांकडे जाव्यात.

तर निवेदनाचा क्रम मी असा ठेवेन: आधी दानाचा हेतू, मग बरे झालेल्यांची घरं, मग नव्या वॉर्डांना पाठिंबा, त्यानंतर दिवसाच्या वापरासाठी ठेवायच्या इमारतींची नावानिशी यादी, आणि शेवटी छप्पर, पातळी, झाडं आणि माल. 'वारसा' हा शब्द पहिल्या ओळीत नको. तो वाचला की फाइल वेगळ्या टेबलावर जाते आणि तिथून परत यायला एक पावसाळा उलटतो.

यादी करायला आवारात फिरावं लागेल. त्यासाठी वैद्यकीय अधीक्षकांची लेखी परवानगी घ्या, रुग्णांचे फोटो काढणार नाही असं त्या अर्जात स्वतःहून लिहा, आणि सकाळच्या ओपीडीच्या वेळा टाळा. मी आता डोंबिवलीला राहतो. परवानगी मिळाली की कळवा, ओळंबा आणि टेप घेऊन येतो. भिंतीला टेप लावायला दुसरं टोक धरणारं कुणीतरी सोबत असू द्या.